बजेटच्या पुस्तकात रस्ता आहे, जागेवर नाही : महापालिकेचा पैसा कसा वाचायचा

प्रश्न असा आहे. पुण्यात अलीकडे समाविष्ट झालेल्या एका गावातल्या सोसायटीच्या सेक्रेटरी ताई विचारतात, "आमच्या रस्त्याचं नाव बजेटच्या पुस्तकात सलग दोन वर्षं छापून आलं. पुढे रक्कमही आहे. जागेवर मात्र खडीसुद्धा पडली नाही. पैसे जातात कुठे? सगळे पगारातच संपतात म्हणतात, ते खरं का? आणि आम्ही नेमकं कुणाला, काय विचारायचं?"

मी एकतीस वर्षं लेखा विभागात काढली, राज्यातल्या तीन महापालिकांमध्ये. बिलं तपासणं, तरतुदी बघणं, पगारपत्रकं करणं हेच काम. आता कोथरूडला असतो आणि दरवर्षी मार्चमध्ये बजेटचं पुस्तक सवयीने वाचतो. उत्तर लांबणार आहे, कारण तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेत.

ताई, तुमच्या रस्त्याचे पैसे कुठे गेलेले नाहीत. बहुतेक वेळा ते आलेलेच नसतात. बजेटच्या पुस्तकात रस्त्याच्या नावापुढे जी रक्कम असते तिला तरतूद म्हणतात, आणि तरतूद म्हणजे खर्च करायची परवानगी. तिजोरीत त्या रस्त्याच्या नावाची थैली बांधून ठेवलेली नसते. घरी आपण एप्रिलमध्ये वर्षाचा हिशोब मांडतो, त्यात धाकट्या भावाकडून येणं असलेले पन्नास हजार जमेला धरतो आणि त्या भरवशावर गिलावा करायचं ठरवतो. भावाने पैसे दिले नाहीत तर गिलावा राहतो. वहीत मात्र 'गिलावा : ५०,०००' लिहिलेलं तसंच राहतं. महापालिकेच्या वहीत असे हजारो गिलावे असतात.

आता हे भावाकडचं येणं महापालिकेत कुठून शिरतं ते बघा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ सालचा आहे. त्यानुसार आयुक्त आधी आपलं अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे ठेवतात. कायद्यातली तारीख १५ जानेवारी. सोळा नगरसेवकांची ही समिती त्यात फेरफार करते, मग ते सगळ्या नगरसेवकांच्या मुख्य सभेपुढे जातं आणि ३१ मार्चच्या आत मंजूर होतं. आयुक्तांचा आकडा आणि समितीचा आकडा यांत फरक पडतो, आणि तो नेहमी वाढीचाच असतो. पुण्यात २०२०-२१ साठी आयुक्तांनी ६,२२९ कोटींचं अंदाजपत्रक मांडलं, स्थायी समितीने ते ७,३९० कोटींवर नेलं. पुढच्या वर्षी ७,६५० चे ८,३७० झाले. पहिल्या वर्षी ही वाढ ११६१ कोटींची आणि दुसऱ्या वर्षी ७२० कोटींची.

अंदाजपत्रक तुटीचं मांडता येत नाही. त्यामुळे खर्चाच्या बाजूला ११६१ कोटींची कामं घालायची तर जमेच्या बाजूलाही तेवढेच दाखवावे लागतात. मग मिळकतकराची थकबाकी जास्त वसूल होईल, बांधकाम परवानगीचं शुल्क वाढेल, शासनाचं अनुदान येईल असे आकडे फुगतात. नगरसेवकांची अडचणही मी जवळून पाहिली आहे. प्रभागातली माणसं रोज दारात उभी असतात. आपल्या गल्लीचं नाव पुस्तकात आलं तर निदान दार तरी उघडं राहील, असं त्यांना वाटतं. त्यात चूक नाही. पण आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

मधली चार वर्षं वेगळी गेली. मार्च २०२२ मध्ये पुण्यातल्या नगरसेवकांची मुदत संपली आणि १५ मार्चपासून प्रशासक आले. अंदाजपत्रक मांडणारे आयुक्त आणि मंजूर करणारे प्रशासक ही एकच व्यक्ती. तरी आकडा वाढतच राहिला : २०२२-२३ ला ८,५९२ कोटी, पुढे ९,५१५, मग ११,६०१, आणि २०२५-२६ ला १२,६१८. म्हणजे फुगवटा फक्त नगरसेवक करतात असं म्हणणाऱ्यांनी हे चार आकडे समोर ठेवावेत. १५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं, १६५ नगरसेवक निवडून आले आणि तुम्हाला जाब विचारायला पुन्हा माणसं मिळाली. माझ्या लेखी ही मोठी गोष्ट आहे. प्रशासक कितीही कर्तबगार असो, तो तुमच्या गल्लीत मत मागायला येत नाही.

म्हणून पुस्तक हातात आलं की पहिल्या पानावरचा मोठा आकडा सोडून द्या आणि जमेची बाजू उघडा. तिथे रकाने असतात : मागच्या वर्षी प्रत्यक्ष जमा किती, चालू वर्षाचा सुधारित अंदाज किती आणि पुढच्या वर्षाचा अंदाज किती. पहिल्या आणि शेवटच्या रकान्यातलं अंतर जितकं मोठं, तितका खर्चाच्या बाजूच्या नावांवर कमी विश्वास ठेवायचा. मी तर पेन्सिलने प्रत्येक बाबीसमोर टक्के लिहून ठेवतो.

उत्पन्न येतं कुठून? पूर्वी जकात होती. नाक्यावर रोज रोकड जमा व्हायची आणि लेखापालाला दुसऱ्या दिवशी सकाळी कळायचं की हातात किती आहे. ती सोय गेली. १ एप्रिल २०१३ पासून पुण्यात एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला, १ ऑगस्ट २०१५ पासून तो बहुतेक व्यापाऱ्यांसाठी बंद झाला, आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर राज्य सरकार महापालिकांना भरपाईचं अनुदान देऊ लागलं. ते वर्षाला ८ टक्के वाढतं. खात्रीचं उत्पन्न आहे, महिन्याच्या महिन्याला येतं, पण ते ठरवणं महापालिकेच्या हातात नाही. शहर आठ टक्क्यांपेक्षा वेगाने वाढलं तरी अनुदान आपल्या गतीनेच वाढणार.

हातात राहिला मिळकतकर. पुण्यात स्वतः राहत असलेल्या घराला करात ४० टक्के सवलत १९७० पासून आहे. मध्यंतरी लेखापरीक्षणाच्या आक्षेपानंतर ती अडकली, नव्या मिळकतींना मिळेना, आणि २०२३ मध्ये राज्य सरकारने पुन्हा कायम केली. त्यासाठी पीटी-३ अर्ज भरून द्यावा लागतो. तुमच्या सोसायटीत किती जणांनी तो भरला आहे ते आधी बघा. न भरलेल्यांना पूर्ण बिल येतं, ते रागाने थांबवतात, थकबाकी वाढते, आणि ती थकबाकी पुढच्या वर्षी 'अपेक्षित जमा' म्हणून पुस्तकात मिरवते.

समाविष्ट गावांचं गणित त्याहून अवघड. ऑक्टोबर २०१७ मध्ये ११ गावं आली, ३० जून २०२१ ला आणखी २३. पुढे उरुळी देवाची आणि फुरसुंगी ही दोन गावं वेगळ्या नगरपरिषदेसाठी बाहेर पडली. गावं आली त्या दिवसापासून तिथला कचरा, दिवाबत्ती, टँकर आणि ग्रामपंचायतीचे कर्मचारी हे सगळं महापालिकेच्या अंगावर येतं. कर मात्र कायद्यानेच टप्प्याटप्प्याने वाढवायचा असतो, आणि त्यातही राजकीय स्थगिती येत राहते. खर्च पहिल्या दिवशी, उत्पन्न सहाव्या वर्षी. तुमच्या रस्त्याला उशीर का, याचं निम्मं उत्तर इथे आहे. ते ऐकायला गोड नाही, पण खरं आहे.

तिसरा मोठा झरा म्हणजे बांधकाम विकास शुल्क. घरबांधणी तेजीत असली की आकडा चढतो, मंदी आली की बसतो. अशा चढ-उताराच्या पैशावर कायमचे खर्च बेतायचे नसतात. माझ्या पहिल्या साहेबांनी हे मला शिकवलं होतं : पगाराला कर, बांधकामाला शुल्क. म्हणजे दरमहाचे खर्च खात्रीच्या उत्पन्नातून भागवायचे आणि चढ-उताराचा पैसा एकदाच करायच्या कामांवर घालायचा.

आता पगारांविषयी. 'सगळं पगारात जातं' हे वाक्य मी आयुष्यभर ऐकलं, आणि दर वेळी मला त्या कर्मचाऱ्यांचे चेहरे आठवतात. आधी वस्तुस्थिती. पगार, निवृत्तिवेतन आणि भत्ते मिळून आस्थापना खर्च होतो, आणि तो सगळ्यात आधी द्यावा लागतो यात शंका नाही. पुण्याच्या कर्मचाऱ्यांना सातवा वेतन आयोग २०२१ मध्ये मंजूर झाला, फरकाची रक्कम हप्त्यांनी द्यायची ठरली. तेव्हा असे फरक पुढच्या वर्षांच्या तरतुदी खातात, हे मान्य. पण राज्य शासनाचा दंडक आहे की आस्थापना खर्च ३५ टक्क्यांच्या आत असल्याशिवाय नवी भरती करू देत नाहीत. त्यामुळे रिक्त पदं वर्षानुवर्षं रिक्त राहतात. कनिष्ठ अभियंत्याचं पद भरलं नाही की एकाच अभियंत्याकडे तीन-तीन प्रभाग येतात, आणि तुमच्या रस्त्याचं मोजमाप घ्यायला कुणी येतच नाही. म्हणजे पगार वाचला आणि काम अडलं.

दुसरी गोष्ट बाहेर फारशी कळत नाही. रिक्त जागांवर कंत्राटी माणसं येतात : झाडणारे, ड्रायव्हर, सुरक्षारक्षक, संगणकावर बसणारी मुलं. त्यांचा पैसा सहसा आस्थापनेत दिसत नाही, तो निविदेच्या कामाच्या शीर्षाखाली जातो. कागदावर आस्थापना आटोक्यात. हा हिशोब मी स्वतः केलेला आहे आणि तो मला कधीच पटला नाही.

एक उदाहरण सांगतो. पुण्यातलं नाही, आणि त्या शहराचं नाव घेत नाही. सफाईच्या कंत्राटाचं बिल माझ्या टेबलावर आलं. सोबत हजेरीपटाच्या झेरॉक्स आणि भविष्यनिर्वाह निधीचं चलन. सगळे कागद जागच्या जागी, क्रमांक टाकलेले. मी सही करणार, तेवढ्यात हजेरीपटावरची नावं मोजावीत असं का कोण जाणे वाटलं. बासष्ट निघाली. चलनात एक्केचाळीस. मी दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला आरोग्य कोठीवर, म्हणजे सफाई कामगारांच्या हजेरीच्या जागी, गेलो. मुकादम हजेरी घेत होता. एक बाई हातात झाडू घेऊन उभी होती, पायात स्लीपर, हातमोजे नाहीत. मी विचारलं, "मावशी, पगार किती मिळतो?" तिने आकडा सांगितला. तो किमान वेतनाच्या निम्म्याहून थोडा जास्त होता. "आणि पीएफचा नंबर?" तिने मुकादमाकडे पाहिलं. नंबर तिला कुणी कधी दिलाच नव्हता.

ते बिल थांबलं, पण त्याआधीची सात बिलं गेली होती आणि त्यांतल्या चारांवर माझी सही आहे. ते मला अजून टोचतं. कायदा तेव्हाही स्पष्ट होता. तेव्हाच्या कंत्राटी कामगार अधिनियम १९७० प्रमाणे कंत्राटदाराने मजुरी दिली नाही तर ती द्यायची जबाबदारी मूळ मालकाची, म्हणजे महापालिकेची होती. पैसे दोनदा जातात : एकदा कंत्राटदाराला, एकदा निकालानंतर कामगारांना. निविदा उघडतानाच दर बघून हे ओळखता येतं. माणसं गुणिले किमान वेतन, त्यावर मालकाच्या वाट्याचा भविष्यनिर्वाह निधी आणि कर्मचारी राज्य विमा, वर गणवेश आणि साहित्य, एवढी बेरीज केली आणि ठेकेदाराचा दर तिच्याखाली असला, तर तो तोटा कुणाच्या तरी ताटातून भरून निघणार हे उघड आहे. म्हणून 'पगारात पैसे जातात' असं म्हणताना कुणाच्या पगारात, हेही विचारा. पहाटे पाचला तुमची गल्ली झाडणाऱ्या माणसाला पूर्ण वेतन मिळणं हे माझ्या मते रस्त्याइतकंच सार्वजनिक काम आहे.

पगारानंतर न टळणारे खर्च येतात : पाणी उपसायच्या पंपांचं वीजबिल, जलसंपदा विभागाचं पाण्याचं बिल, दवाखाने, शाळा, कचरा प्रक्रिया. पीएमपीएमएल या शहर बससेवेच्या तोट्यातला ६० टक्के वाटा पुण्याचा, ४० टक्के पिंपरी-चिंचवडचा. वर कर्ज. २०१७ च्या जूनमध्ये समान पाणीपुरवठा योजनेसाठी पुणे महापालिकेने २०० कोटींचे रोखे काढले, दहा वर्षांच्या मुदतीचे, ७.५९ टक्के व्याजाने. मला तेव्हा अभिमान वाटला होता, कारण महापालिकेचं नाव बाजारात चालतं म्हणजे तिच्या हिशोबावर कुणीतरी भरवसा ठेवला. पण व्याजाचा हप्ता ठरल्या दिवशी जातोच, तो पुढे ढकलता येत नाही. हे सगळं वजा जाता जे उरतं त्यातून आधीच चालू असलेल्या मोठ्या कामांची देणी भागतात. त्यांना दायित्व म्हणतात. पुलाचं काम तीन वर्षं चालणार असेल तर त्याच अधिनियमाच्या कलम ७२ (ब) खाली पुढच्या वर्षांच्या पैशाची मान्यता आधीच घेतलेली असते. तुमचा रस्ता या सगळ्यांच्या मागे रांगेत उभा असतो.

'वर्गीकरण' हा शब्द लक्षात ठेवा. बाहेर तो साधा वाटतो. महापालिकेत त्याचा अर्थ : एका कामाची तरतूद काढून दुसऱ्या कामाला देणं. कायद्याने ते चालतं, कधी गरजेचंही असतं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, तशा वेळी सीमाभिंती आणि कल्व्हर्टसाठी पैसे कुठून तरी काढावेच लागतात. पण एरवी ज्या कामाचा कुणी पाठपुरावा करत नाही त्याची तरतूद डिसेंबर-जानेवारीत उचलली जाते. तुमचा रस्ता दोन वर्षं छापून आला आणि झाला नाही, तर पहिला संशय माझा वर्गीकरणावर. ते गुपित नसतं. स्थायी समितीच्या ठरावांत प्रत्येक वर्गीकरण लिहिलेलं असतं, कुठून काढले आणि कुठे टाकले यासकट.

आता काम प्रत्यक्ष कसं होतं ते सांगतो, म्हणजे अडलंय कुठे हे तुम्हाला हुडकता येईल. कनिष्ठ अभियंता जागा पाहून पूर्वगणनपत्रक करतो, म्हणजे कामाचं एस्टिमेट. दर ठरलेल्या दरसूचीतून घेतात. वरचे अभियंते तांत्रिक मान्यता देतात. मग फाईल लेखा विभागात येते आणि त्या अर्थशीर्षकाखाली, म्हणजे बजेटमधल्या खर्चाच्या त्या खात्यात, पैसे शिल्लक आहेत का ते पाहून तेवढी रक्कम राखून ठेवली जाते, तिला आम्ही लॉकिंग म्हणायचो. त्यानंतर ई-निविदा, दोन पाकिटं, एक तांत्रिक आणि एक दराचं. कमी दरवाल्याचा प्रस्ताव स्थायी समितीत, मग करारनामा आणि शेवटी कार्यादेश, म्हणजे काम सुरू करायचा लेखी आदेश. कार्यादेश निघाला नसेल तर काम सुरू झालेलं नाही, नगरसेवकाने नारळ फोडलेला असो वा नसो. आणि लॉकिंगच झालं नसेल तर ती फाईल अजून बाळंतिणीच्या खोलीतही पोचलेली नाही.

पावसाळ्यात खोदाई बंद असते, म्हणून खरं काम ऑक्टोबर ते मे. निविदेला सरळ गेलं तरी तीन-चार महिने लागतात. हा हिशोब मागे मोजत आणा : एप्रिल-मेमध्ये एस्टिमेट झालं नाही तर दिवाळीनंतर रोलर दिसणार नाही. मार्चमध्ये हालचाल सुरू झाली तर घाई होते, कारण वर्ष संपायच्या आत बिलं यायला हवीत. मार्चमधल्या डांबराविषयी मी एवढंच सांगेन की त्याच्यावर जास्त लक्ष ठेवा.

कामाचे तुकडे पाडणं ही जुनी खोड. ठरावीक रकमेच्या वर ई-निविदा सक्तीची, म्हणून एकच गल्ली तीन भागांत दाखवायची. आणि एकच काम दोन शीर्षांखाली दाखवणं. हेही मी बघितलं आहे, वर सांगितलेल्या शहराहून वेगळ्या, दुसऱ्या एका शहरात. ड्रेनेजच्या झाकणांचं आणि चेंबर दुरुस्तीचं बिल आलं. गल्लीचं नाव ओळखीचं वाटलं. मागच्या वर्षीची मोजमाप पुस्तिका काढली. लांबी तीच, ८६ मीटर. चेंबरची संख्या तीच. एकदा प्रभागाच्या निधीतून, एकदा खात्याच्या निधीतून. दोन्ही पुस्तिकांवर वेगवेगळ्या शाईत पण एकाच हाताचं अक्षर होतं. पुण्यात आता कामं नकाशावर जागेसकट नोंदवणारी संगणक प्रणाली आली आहे, ती नेमकी याच रोगावर औषध आहे. अर्थात जागेची नोंद खरी केली तरच.

ही मोजमाप पुस्तिका, जिला सगळे एम.बी. म्हणतात, सार्वजनिक कामातला सगळ्यात महत्त्वाचा कागद. ती वाचायला इंजिनिअर असावं लागत नाही. लांबी, रुंदी, जाडी आणि त्यांचा गुणाकार. समजा तुमचा रस्ता २०० मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि वर ४० मिलीमीटर डांबरी थर टाकायचा आहे. २०० गुणिले ६ गुणिले ०.०४ म्हणजे ४८ घनमीटर. दाबलेला डांबरी माल घनमीटरला साधारण २.३ टन भरतो, म्हणजे सुमारे ११० टन माल लागणार. एका डंपरमध्ये पंधरा-सोळा टन धरले तर सात खेपा. काम चालू असेल त्या दिवशी सोसायटीतल्या निवृत्त मंडळींपैकी दोघांना गेटवर खुर्ची टाकून बसवा आणि खेपा मोजा. चारच डंपर आले असतील तर थर ४० मिलीमीटरचा होऊच शकत नाही, कुणी काहीही सांगो. प्रत्येक डंपरसोबत वजनकाट्याची पावती असते, ती बघायला मागा. हुज्जत घालू नका, नम्रपणे मागा, फोटो काढा.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे येतो, काय आणि कुणाला विचारायचं. 'आमचा रस्ता कधी होणार?' हा प्रश्न विचारू नका. त्याला 'लवकरच' हे उत्तर तयार असतं. पुस्तकातून तुमच्या कामाचं अर्थशीर्षक आणि बजेट कोड लिहून घ्या आणि क्षेत्रीय कार्यालयात किंवा पथ विभागात एवढंच विचारा : या कोडवर पूर्वगणनपत्रक झालं का, लॉकिंग झालं का, निविदा क्रमांक काय, कार्यादेशाची तारीख काय. चार प्रश्नांपैकी ज्याला उत्तर मिळणार नाही, तिथे फाईल अडली आहे. कोड घेऊन आलेल्या नागरिकाशी कारकून वेगळ्या तऱ्हेने बोलतो, हे मी टेबलाच्या आतल्या बाजूने पाहिलेलं आहे.

फाईल बघायची असेल तर पुण्यात एक चांगली परंपरा आहे. २००९ पासून महापालिकेत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात माहिती अधिकाराचा अर्ज न करता फायली पाहू देण्याची पद्धत सुरू झाली, आणि २०१८ मध्ये राज्य सरकारने तसाच आदेश राज्यभरातल्या स्थानिक संस्थांसाठी काढला. जाताना आदेशाची प्रत जवळ ठेवा. दाखवायला टाळाटाळ झाली तर दहा रुपयांचा माहिती अधिकार अर्ज आहेच, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. त्या कायद्याखाली फायली तपासता येतातच, शिवाय कामात वापरलेल्या साहित्याचे प्रमाणित नमुनेसुद्धा मागता येतात. ही तरतूद फार थोडे लोक वापरतात.

दुसरी वाट म्हणजे नागरिकांच्या सूचना. पुण्याने २००६ मध्ये, २००७-०८ च्या अंदाजपत्रकासाठी हा प्रयोग सुरू केला. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज भरून पाच लाखांपर्यंतची छोटी कामं सुचवता येतात. अर्ज ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास घेतात. लोक जागे होतात फेब्रुवारीत, पेपरात बजेटच्या बातम्या येऊ लागल्यावर. ते वरातीमागून घोडं. तुमचा अख्खा रस्ता पाच लाखांत बसणार नाही, पण कोपऱ्यावरचं तुंबणारं चेंबर, पदपथाचा तुटका तुकडा, शाळेसमोरचा गतिरोधक नक्की बसेल. सुचवताना जागेचा फोटो, अंदाजे मापं आणि किती घरांना उपयोग होईल ते लिहा. नुसतं 'रस्ता खराब आहे' लिहिलेले अर्ज मी गठ्ठ्याने बघितलेत. अभियंत्याला त्यातून एस्टिमेट करता येत नाही.

तुमच्या बाबतीत आणखी एक तपासा. गावाच्या हद्दीतला तो रस्ता महापालिकेच्या ताब्यात आला आहे का? बऱ्याच समाविष्ट भागांत रस्त्याखालची जागा अजून खासगी मालकीची असते, भूसंपादन झालेलं नसतं, किंवा रस्ता बिल्डरने सोडलेला असतो पण कागदावर हस्तांतर नसतं. अशा वेळी बजेटमध्ये कितीही वेळा नाव आलं तरी लेखापरीक्षक बिल अडवणार, आणि ते बरोबरच आहे. सोसायटीच्या मंजूर नकाशाची प्रत काढा, रस्त्याची रुंदी आणि हस्तांतराची नोंद बघा. तसंच मलनिस्सारण आणि पाणीपुरवठा खात्याला लेखी विचारून घ्या की पुढच्या दोन वर्षांत या रस्त्याखाली वाहिनी टाकायची आहे का. असेल तर डांबर आधी मागूच नका. आधी ड्रेनेज, मग पाणी, मग केबल, मग रस्ता. हा क्रम चुकला की तुमचाच पैसा दोनदा उकरला जातो.

आणि रस्ता झालाच, तर करारनाम्यातला दोषदायित्व कालावधी विचारून घ्या. त्या मुदतीत खड्डा पडला तर तो ठेकेदाराने स्वखर्चाने बुजवायचा असतो आणि त्यासाठी त्याची अनामत रक्कम महापालिकेकडे राखलेली असते. मुदत संपली की ती परत जाते. परत करण्याआधी अभियंत्याला 'दोष आढळला नाही' असा दाखला द्यावा लागतो, आणि नागरिकांची तारखेनिशी लेखी तक्रार फाईलला लागलेली असेल तर असा दाखला देताना त्याचा हात थबकतो. कार्यादेशाचा क्रमांक, ठेकेदाराचं नाव आणि दोषदायित्वाची शेवटची तारीख एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून सोसायटीच्या नोटीस बोर्डावर काचेच्या आत लावा. पुढच्या वर्षी सेक्रेटरी बदलतील, तेव्हा चाव्यांबरोबर तो कागदही त्यांना दाखवा.